जाणत्याचे मौन

चुकीचा निर्णय म्हटला की त्याच्या मुळाशी अज्ञान असणार, असे आपण सहज गृहीत धरतो. निर्णय घेणाऱ्यांना पुरेशी माहिती नव्हती, ती असती तर अनर्थ टळला असता, अशी आपली समजूत असते. काही वेळा ती खरीही ठरते. परंतु माणसांनी एकत्र येऊन चालवलेल्या कामांचा इतिहास थोडा बारकाईने पाहिला, मग ते काम कचेरीतले असो, कारखान्यातले असो, शाळेतले असो वा धर्मसंस्थेतले, तर निराळेच चित्र दिसू लागते. हवे असलेले ज्ञान पुष्कळदा त्याच छपराखाली, त्याच मेजाभोवती बसलेल्या कुणाच्या तरी जवळ असते. निर्णयापर्यंत मात्र ते पोचत नाही. ते का पोचत नाही, आणि या न पोचण्याचा नैतिक दोष कुणाच्या पदरी घालावा, हा प्रश्न आम्ही येथे विचारार्थ घेत आहोत.

या प्रश्नाचे एक जळजळीत उदाहरण अमेरिकेच्या अंतराळ-संशोधनाच्या इतिहासात नोंदलेले आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत आकाशात विदीर्ण झाले आणि त्यातील सातही प्रवासी मृत्युमुखी पडले. क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेत शिकवणारी शिक्षिका त्यांपैकी एक होती. यानाला रेटा देणाऱ्या घन इंधनाच्या अग्निबाणाचे भाग जेथे एकमेकांस जोडलेले असतात, तेथे तप्त वायू बाहेर फुटू नये म्हणून रबरी कडी बसवलेली असतात. त्या दिवशीच्या कडाक्याच्या थंडीत ही कडी ताठरली, सांधा वेळेवर बंद झाला नाही आणि वायूला वाट मिळाली, असा निष्कर्ष चौकशी आयोगाने त्याच वर्षी काढला. नामवंत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन हे त्या आयोगाचे एक सदस्य होते. त्यांनी त्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून काढला आणि थंडीत त्याचा लवचिकपणा कसा हरपतो हे सर्वांसमक्ष दाखवले. तो साधासा प्रयोग पुढे जगप्रसिद्ध झाला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने मात्र महत्त्वाची आहे ती आदली रात्र. ते अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल या कंपनीच्या अभियंत्यांना हा धोका ठाऊक होता. त्यांच्यापैकी रॉजर बोइज्योली यांनी जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लेखी कळवले होते की, या सांध्याकडे तातडीने लक्ष दिले नाही तर मनुष्यहानी होईल. उड्डाणाच्या आदल्या रात्री कंपनी आणि अंतराळसंस्था यांच्यात दूरध्वनीवरून दीर्घ परिषद झाली. अभियंत्यांचा सल्ला स्पष्ट होता : सुमारे १२ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये. संस्थेच्या अधिकाऱ्यांनी या सल्ल्याविषयी तीव्र नापसंती दर्शविली. तेव्हा कंपनीने आपसांत विचारविनिमयासाठी थोडा अवधी मागून घेतला. त्या अर्ध्या तासात एका वरिष्ठाने दुसऱ्याला, आता अभियंत्याची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाल, असे सुचवले. मत घेतले गेले ते केवळ चार व्यवस्थापकांचे. अभियंत्यांना कुणी विचारले नाही. पुन्हा दूरध्वनी जोडला गेला तेव्हा सल्ला पालटलेला होता. कुणाचे वेगळे मत आहे काय, अशी विचारणा त्या वेळी झाली खरी, पण कुणीच बोलले नाही. उड्डाणस्थळी असलेले कंपनीचे प्रतिनिधी अॅलन मॅकडोनल्ड यांनी संमतिपत्रावर सही करण्यास नकार दिला. ती सही दुसऱ्याने केली. अंतिम आज्ञा देणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्यांपर्यंत या वादाची वार्ताही पोचली नाही.

या मंडळींना दुष्ट म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या खोलीत कुणालाही सात माणसांचे प्राण घ्यावयाचे नव्हते. तेथे काम करीत होते ते मनाचे काही जुने कल, जे तुमच्याआमच्या मनातही नित्य वावरत असतात. यापूर्वीच्या उड्डाणांत कडी थोडी जळाली होती, तरी यान सुखरूप परतले होते; म्हणून 'आजवर निभावले, उद्याही निभावेल' असा विश्वास बळावला होता. समाजशास्त्रज्ञ डायान व्हॉन यांनी या प्रकरणावरील आपल्या १९९६ च्या ग्रंथात या प्रवृत्तीचे सविस्तर विवेचन केले आहे. जे मुळात विपरीत, ते रोज पाहून पाहून स्वाभाविक वाटू लागते, असा त्याचा आशय. दुसरा कल पुराव्याच्या निवडीचा. त्या रात्री चर्चा झाली ती मुख्यतः ज्या उड्डाणांत कडी बिघडली होती त्यांचीच. जी उड्डाणे निर्दोष पार पडली त्यांची तापमाने शेजारी मांडून पाहिली गेली नाहीत. आयोगाने ती नंतर मांडली तेव्हा असे दिसले की, सुमारे १८ अंशांहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकी केवळ ३ मध्ये कडी बिघडली होती. त्याहून थंड हवेतील चारच्या चार उड्डाणांत मात्र ती बिघडली होती. आकडे सर्वांच्या हाताशीच होते, पण पाहणाऱ्यांची दृष्टी त्यांपैकी अर्ध्यांवरच खिळली होती. आणि तिसरी गोष्ट अशी की, सिद्ध करण्याचा भार नकळत फिरला. उड्डाण निर्धोक आहे हे दाखवण्याऐवजी, ते धोकादायकच आहे असे निर्विवाद सिद्ध करा, अशी मागणी अभियंत्यांपुढे ठेवली गेली.

मानसशास्त्राने गेल्या पाऊणशे वर्षांत या प्रवृत्तींचा कसून अभ्यास केला आहे. १९५० च्या दशकाच्या आरंभी सॉलोमन अॅश यांनी केलेले प्रयोग सर्वश्रुत आहेत. समोरच्या रेषांपैकी कोणत्या दोन सारख्या लांबीच्या आहेत, एवढेच सांगावयाचे. बाकीचे सारे आधीच शिकवून ठेवलेले. ते एकमुखाने चुकीचे उत्तर देत. आपल्या डोळ्यांना धडधडीत वेगळे दिसत असताही सुमारे तीन-चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराची री ओढली. पण याच प्रयोगांचा दुसरा भाग आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. त्या मेळ्यात खरे उत्तर देणारा एकच सोबती मिळाला की, मान तुकवण्याचे प्रमाण जवळजवळ चौथाईवर येई. एकट्याला जे बोलवत नाही, ते दुसऱ्या एकाच्या आधाराने बोलता येते.

१९८५ साली स्टॅसर आणि टायटस या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. विद्यार्थ्यांच्या लहान गटांना काही उमेदवारांमधून एकाची निवड करावयाची होती. सर्वांपाशी सर्व माहिती असे तेव्हा पाचांतील चारांहून अधिक गटांनी सर्वांत योग्य उमेदवार निवडला. पण तीच माहिती जेव्हा तुकड्यातुकड्यांनी निरनिराळ्या सदस्यांना वाटून दिली, तेव्हा त्या उमेदवारापर्यंत पोचणारे गट चौथाईहूनही कमी भरले. सर्वांची माहिती एकत्र आली असती तर योग्य उत्तर सहज सापडले असते. परंतु बैठकीत माणसे बोलत राहतात ती जे सर्वांना आधीच ठाऊक आहे त्याविषयी. जे एकट्यालाच ठाऊक असते, ते बहुधा त्याच्यापाशीच राहते. आपल्याकडील बैठकांचे इतिवृत्त ज्यांनी लिहिले आहे, त्यांना या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही.

तथापि असे दोष आहेत हे कळले म्हणजे ते टळतात, असे नाही. १६ जानेवारी २००३ रोजी त्याच अंतराळसंस्थेचे 'कोलंबिया' यान निघाले. त्यात आपल्या कर्नालची कन्या कल्पना चावला होती. उड्डाणानंतर दीडएक मिनिटाच्या आतच इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. खालच्या अभियंत्यांना शंका आली. पंखाची छायाचित्रे मिळवावीत अशी मागणी त्यांनी पुन्हा पुन्हा केली, पण ती मान्य झाली नाही. एका अभियंत्याने अत्यंत कळकळीचे पत्र लिहिले, सहकाऱ्याला दाखवले आणि वरिष्ठांकडे पाठवले मात्र नाही. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर ते यान सात प्रवाशांसह नष्ट झाले. दोन्ही दुर्घटनांमध्ये सतरा वर्षांचे अंतर होते. पहिल्या चौकशीचा अहवाल सर्वांनी वाचलेला होता. तरीही दुसऱ्या चौकशीच्या मंडळास त्या पहिल्या दुर्घटनेचे पडसाद पुन्हा ऐकू आले.

येथे खरा नैतिक प्रश्न उभा राहतो. हे कल जर मनुष्यस्वभावातच रुजलेले असतील, ते न मागता आणि न कळत मनात शिरत असतील, तर त्यांबद्दल कुणाला दोषी कसे धरावे? जे आपण निवडले नाही ते पाप कसे? हा युक्तिवाद पोकळ नाही. ख्रिस्ती नीतिशास्त्राने पापासाठी ज्ञान आणि संमती यांची अट नेहमीच घातली आहे.

परंतु त्याच नीतिशास्त्राने अज्ञानाचेही प्रकार पाडले आहेत, आणि ते येथे फार उपयोगी पडतात. संत थॉमस अक्वायनस यांच्या विवेचनानुसार एक अज्ञान असे की, कितीही प्रयत्न केला तरी ते दूर होऊ शकत नाही. त्याचा दोष माणसास लागत नाही. दुसरे असे की, जे जाणणे शक्य होते आणि कर्तव्यही होते, ते निष्काळजीपणाने जाणले नाही. हे दोषास्पद आहे. आणि तिसरे असे की, कळले तर आपल्या मनासारखे करता येणार नाही म्हणून माणूस कळून घेण्याचेच टाळतो. हे त्याहूनही वाईट. आमच्या मते मनाचे कल पहिल्या प्रकारात मोडतात, पण ते तेथे कायम राहत नाहीत. आपला डोळा तिरपा पाहतो हे एकदा उमगले की त्या तिरपेपणावर उपाय योजणे हे आपले कर्तव्य ठरते. कल असणे हे पाप नव्हे. कल आहे हे जाणूनही त्यावर पहारा न बसवणे, हा मात्र आपला अपराध आहे. दुसऱ्याच्या डोळ्यांतले कुसळ आणि आपल्या डोळ्यांतले मुसळ हे प्रभू येशूचे उदाहरण आपण बहुधा परनिंदेच्या संदर्भात ऐकतो. आपले मुसळ आपल्याला दिसत नसल्याने ते दाखवणाऱ्या बंधूची आपल्याला गरज आहे, असाही बोध त्यातून आम्हांस होतो.

मग दोष कुणाचा, न बोलणाऱ्याचा की न ऐकणाऱ्याचा? थायोकोलमधील आणखी एक अभियंते बॉब एबलिंग यांनी त्या रात्रीचे ओझे तीस वर्षे वाहिले. या कामासाठी आपली निवड करण्यात देवाचीच चूक झाली, असे ते म्हातारपणी बोलून दाखवीत. २०१६ साली, मृत्यूच्या थोडेच आधी, अनोळखी लोकांनी पाठवलेल्या शेकडो पत्रांनी त्यांना थोडा दिलासा मिळाला. एबलिंग आपल्या शक्तीप्रमाणे बोलले होते; तरीही मन त्यांनाच खात होते. ज्यांच्या हाती अधिकार होता त्यांच्यापेक्षा ज्याच्या हाती केवळ ज्ञान होते त्याने हे दुःख अधिक सोसावे, यात काहीतरी उफराटे आहे. आम्हांस असे वाटते की, बोलण्याची किंमत जो ठरवतो, मौनाचा मोठा वाटा त्याच्याच माथी येतो. जेथे खरे बोलणाऱ्याची बदली होते, हेटाळणी होते किंवा नुसते कंटाळून घड्याळाकडे पाहिले जाते, तेथील मौनास संमती समजणे ही स्वतःची फसवणूक होय.

बायबलमधील अहाब राजाची कथा या संदर्भात आठवते. रामोथ-गिलादवर स्वारी करावी की नाही, असे त्याने विचारले तेव्हा चारशे संदेष्ट्यांनी एका सुरात होकार दिला. सोबतच्या यहोशाफाट राजाला मात्र त्या एका सुराचाच संशय आला असावा. आणखी कुणी परमेश्वराचा संदेष्टा उरला आहे काय, असे त्याने विचारले. एक मीखाया होता, पण तो आपल्याविषयी कधी बरे बोलत नाही म्हणून अहाब त्याचा द्वेष करीत असे. त्याला आणावयास गेलेल्या दूतानेही वाटेत सुचवले की, बाकीच्यांसारखेच बोल. मीखाया खरे बोलला आणि बंदिवासात गेला. राजा लढाईवर गेला आणि मेला. आजच्या कचेऱ्यांतही तो दूत भेटतो. तो द्वेष्टा नसतो. 'साहेबांचा कल पाहून बोला' असा हितोपदेश तो प्रेमाने करीत असतो, आणि होयबांची पलटण अशाच हितोपदेशांतून उभी राहते.

मनावरचा हा पहारा कसा बसवावा, याचे शहाणपण ख्रिस्तसभेच्या परंपरेत फार पूर्वीपासून आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी नियमावली लिहिली. तिच्या तिसऱ्या प्रकरणात त्यांनी असे सांगितले की, महत्त्वाचा प्रसंग येईल तेव्हा मठाधिपतीने सर्व बंधूंना बोलवावे, विषय मांडावा, सर्वांचे ऐकावे आणि मग निर्णय करावा. सर्वांना का? तर प्रभू पुष्कळदा वयाने लहान असलेल्यालाच अधिक चांगले ते प्रकट करतो म्हणून. निर्णयाचा अधिकार मठाधिपतीचाच राहतो. पण ऐकण्यातून त्याला सुटका नाही. संतपद देण्याच्या प्रक्रियेत तर रोमने विरोधी मताला पदच बहाल केले होते. लोक ज्याला 'सैतानाचा वकील' म्हणत, त्या अधिकाऱ्याचे कामच उमेदवाराच्या पावित्र्यावर आक्षेप घेण्याचे होते. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही प्रक्रिया बदलली तेव्हा त्या पदाचे जुने स्वरूप राहिले नाही. प्रोस्पेरो लाम्बेर्तिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी हे काम अनेक वर्षे केले, आणि तेच पुढे १७४० साली चौदावे बेनेडिक्ट या नावाने पोप झाले. आक्षेप घेणे हे तेथे निष्ठेचेच काम होते. त्याने कुणाची बढती अडली नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या संविधानात सांगितले की, प्रापंचिकांना त्यांच्या ज्ञानानुसार आणि पात्रतेनुसार आपले मत मांडण्याची मुभा आहे, आणि प्रसंगी ते त्यांचे कर्तव्यही आहे. पोप फ्रान्सिस यांनी बोलावलेल्या सिनडच्या २०२३ व २०२४ च्या अधिवेशनांत महागुरू, धर्मगुरू, व्रतस्थ आणि प्रापंचिक स्त्रीपुरुष गोल मेजांभोवती एकत्र बसले. तेथील रीत अशी की, प्रथम प्रत्येकाने आळीपाळीने बोलावे, इतरांनी वादविवाद न करता ऐकावे, मध्ये प्रार्थनेची शांतता राखावी, आणि मगच पुढील विचार करावा. मानसशास्त्रज्ञ मोठ्या प्रयासाने ज्या उपायाशी पोचले, तो या रीतीत सामावलेला आहे : पहिल्या वक्त्याच्या शब्दाने बाकीच्यांचे विचार वळण्यापूर्वी प्रत्येकाचे स्वतंत्र मत पुढे यावे.

आपल्या लहानसहान संस्थांतही हे करणे अवघड नाही. पतसंस्थेचे संचालक मंडळ असो, शाळेतील शिक्षकांची सभा असो वा धर्मग्रामाचे सल्लागार मंडळ, तेथे अध्यक्षांनी सर्वांत शेवटी बोलावे. मोठ्या खर्चाच्या ठरावाआधी प्रत्येकाने दोन ओळी कागदावर लिहून द्याव्यात. एका सदस्याकडे त्या दिवसापुरते आक्षेप घेण्याचे काम सोपवावे, आणि ते दर वेळी निरनिराळ्याकडे जावे, म्हणजे तो एकटाच भांडखोर ठरणार नाही. 'कुणाची हरकत आहे काय?' असे विचारण्याऐवजी, 'हे फसले तर कशामुळे फसेल?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला शांततेचे उत्तर पुरते. दुसऱ्याला पुरत नाही. वडीलधाऱ्यांपुढे बोलू नये, हा आपल्या घरांतील संस्कार सुंदर आहे. परंतु वडिलांचा मान राखणे आणि वडिलांना खड्ड्यात जाऊ देणे, यांत फरक आहे.

यासोबतच जाणत्यालाही एक शब्द सांगणे प्राप्त आहे. प्रत्येक मौन भीतीचे नसते. काही मौन कंजुषीचे असते. एखाद्या कामाच्या खाचाखोचा आपल्यालाच ठाऊक आहेत, तोवर आपल्यावाचून कचेरीचे अडते, या हिशेबाने कित्येक जण आपले ज्ञान कुलपात ठेवतात. नव्याने आलेल्याला ठेचा खाऊ देतात. शुभवर्तमानातील त्या दासाने धन्याचे द्रव्य चोरले नव्हते, केवळ जमिनीत पुरून ठेवले होते. तेवढ्यावरूनही तो दोषी ठरला. ज्ञान ही ठेव आहे, आणि ठेव ज्याच्या कामी यावयाची त्याच्यापर्यंत ती पोचवावी लागते.

शेवटी एका वृद्धाचे स्मरण करावेसे वाटते. बाल शमुवेलाला मंदिरात परमेश्वराची वाणी ऐकू आली तेव्हा तिच्यात एली याजकाच्याच घराण्याच्या नाशाची वार्ता होती. सकाळी ते पोर आपल्या वडीलधाऱ्या गुरूला ती सांगावयास घाबरले, आणि ते साहजिकच होते. एलीच्या हातून पुष्कळ चुका झाल्या होत्या, मुलांना तो आवरू शकला नव्हता. पण त्या सकाळी त्याने एक गोष्ट नेमकी केली. त्याने मुलाला जवळ बोलावले, 'बाळा' म्हणून हाक मारली आणि काहीही लपवू नकोस, असे बजावून विचारले. वार्ता ऐकल्यावर त्याने ती आणणाऱ्यावर राग धरला नाही. आपल्या विरुद्ध जाणारे सत्य लहानाच्या तोंडून मागून घेण्याइतकी नम्रता ज्याच्यापाशी आहे, त्याच्या हाताखालची माणसे मुकी राहत नाहीत. आपापल्या कामाच्या जागी, आपल्याहून लहान असलेल्यांना आपण अशी हाक कधी मारली होती, हे ज्याने त्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारून पाहावे.